फाटक अठरा दिवस बंद

समजा, तुम्ही रेल्वेच्या फाटकापाशी गाडी बंद करून उभे आहात. समोरून मालगाडी आली. डबे उसानं गच्च भरलेले. चाळीस गेले, पन्नास गेले, अठ्ठावन्न गेले. आता गार्डाचा डबा येणार म्हणून तुम्ही किल्ली फिरवलीत, तर त्याच गाडीच्या शेपटाला दुसरी गाडी जोडलेली. तिला तिसरी, तिसरीला चौथी. ताशी ५० किलोमीटरच्या वेगानं धडधडत चाललीय. तुम्ही चहा घेतलात, टपरीवर जेवलात, रस्त्याकडेला पंचा टाकून झोपलात. सकाळी उठून बघता तो काय, गाडी चालूच. दुसरा दिवस गेला, आठवडा गेला, दाढी वाढली. अठराव्या दिवशी संध्याकाळी कुठे गार्डाचा डबा दिसला आणि फाटक उघडलं.

ही गाडी मी कल्पनेनं जोडली असली तरी तिच्यातला ऊस खरा आहे. २०२१-२२ च्या एका गळीत हंगामात महाराष्ट्रातल्या कारखान्यांनी गाळलेला ऊस म्हणजे सुमारे १,३२० लाख टन. तेरा कोटी वीस लाख टन! एका मालगाडीत चार हजार टन धरा. झाल्या ३३ हजार मालगाड्या. एक गाडी साडेसहाशे मीटर लांब धरा आणि सगळ्या एकामागे एक उभ्या करा. शेपूट जातं २१,४५० किलोमीटरवर. मुंबई-पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटरचा. म्हणजे बोरघाट चढत-उतरत एकशे अकरा वेळा. पृथ्वीला अर्धा वेढा घालूनही वर हजारभर किलोमीटर उरतात. कुणी जाणकार म्हणेल, ऊस पोकळ पडतो, डब्यात एवढा बसत नाही. कबूल. मग गाडी आणखी लांब होईल, फाटक आणखी उशिरा उघडेल!

आणि हे फक्त आपल्या राज्याचं. देशातल्या कारखान्यांनी त्या हंगामात गाळला सुमारे ३,५७४ लाख टन. ती गाडी जोडायला मी बसलो होतो, पण पृथ्वीला एक वेढा पुरा होऊन दुसरा घालायची वेळ आली तेव्हा नाद सोडला.

अठरा हा आकडा मात्र ध्यानात ठेवा. कारण ऊस कारखान्यात पोचल्यापासून चौदा दिवसांत त्याचे पैसे शेतकऱ्याला मिळाले पाहिजेत, असं केंद्र सरकारचा १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पहिल्या डब्यातला ऊस ज्याचा, तो माणूस फाटकात उभा असेल, तर शेवटचा डबा त्याच्यासमोरून जायच्या चार दिवस आधीच त्याची मुदत संपलेली असते.

आता ह्या गाडीचं पुढं काय होतं ते बघू. दिवस-रात्र चालणारा हंगाम सहा महिन्यांचा धरला, तर राज्यात दर दिवशी सव्वासात लाख टनांहून जास्त ऊस कारखान्यांच्या गव्हाणीत पडतो. मिनिटाला पाचशे टन. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वीस टन ओढतो म्हटलं, तर दर मिनिटाला पंचवीस ट्रॅक्टर रिकामे. तुम्ही हे वाक्य वाचलंत तेवढ्यात दोन गेले.

आणि साखर? त्या हंगामात निघाली १३७ लाख टन. पोत्यात मोजायला गेलो तर पोती मोजणारा दमेल, म्हणून आपण विहिरीत मोजू. वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल अशी आपली नेहमीची गोल विहीर घ्या. तिच्यात काठोकाठ साखर भरा. तीनशे टन बसते. अशा पंचेचाळीस हजार विहिरी भरतात. महाराष्ट्रात गावं आहेत सुमारे ४४ हजार. गावागणिक एक विहीर साखरेनं भरा, आणि हजारभर विहिरी वर उरतील! कुठल्याही गावात कुणाच्या घरी पाव्हणा आला तर पोहरा सोडायचा आणि चहाला साखर काढायची.

पिकाखालची जमीन बारा लाख हेक्टरांच्या वर. म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं मिळून होते तेवढी जमीन वीस वेळा. किंवा तीन गोवे, आणि वर आणखी पाव.

इथवर सगळं भव्य आहे, गोड आहे. आता माणसं मोजू.

ऊस घेणारे किती? दोनशे कारखाने, सहकारी आणि खाजगी मिळून जवळपास निम्मे-निम्मे. दोनशे अध्यक्षांना एसटीत बसवलं तर पाच गाड्या पुरतात, आणि पाचवीत मागची बरीच बाकं रिकामी. ऊस विकणारे किती? राज्यात शेतकऱ्याची सरासरी जमीन २०१५-१६ च्या कृषी गणनेत १.३४ हेक्टर निघाली. तिच्यातली बहुतेक सगळी, एक हेक्टर, प्रत्येकानं उसाला दिली असं मोठ्या मनानं धरलं, तरी बारा लाखांहून जास्त शेतकरी. चव्वेचाळीस आसनांच्या अठ्ठावीस हजार एसट्या! महामंडळानं सगळ्या आगारांतल्या सगळ्या गाड्या बाहेर काढल्या, तरी एका खेपेत मावायचे नाहीत. एकीकडे पाच गाड्या, एकीकडे अठ्ठावीस हजार. आणि भाव, वजन, तोडीची तारीख, उतारा, बिलाचा दिवस हे सगळं ठरतं त्या पाच गाड्यांत.

इथे कुणी सहकाराची आठवण देईल. बरोबर आहे. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी कारखाना उभा केला, तो घेणारा आणि विकणारा एकच असावा म्हणून. सभासद शेतकरी हाच मालक. पण मालकाला आपल्याच कारखान्याच्या काट्यावर वजनाची पावती निमूट घ्यावी लागते आणि आपल्याच बिलाची वाट बघावी लागते, असा मालक जगात दुसरीकडे असेल तर मला दाखवा.

काट्यावर आलोच आहोत तर थांबूया. उसाच्या मुलखात 'काटा मारतात' हे तीन वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. किती मारतात ते कुणी सांगू शकत नाही, आणि मारतच नाहीत म्हणणाऱ्याच्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. तपासणीला भरारी पथकं नेमली जातात, शेतकरी संघटना बाहेरच्या काट्यावर गाडी वजन करून आणायचा आग्रह धरतात. मी इथे आरोप करत नाही, नुसतं त्रैराशिक मांडतो. क्विंटलमागे एक किलो. फक्त एक. वीस टनांच्या गाडीत दोनशे किलो, दोन-चार दणकट माणसं ट्रॉलीवर बसली-उतरली एवढाच फरक. आता हा एक किलो १,३२० लाख टनांवर पसरा. तेरा लाख वीस हजार टन! सहासष्ट हजार ट्रॅक्टर. वीस-वीस मीटरच्या त्या गाड्या समृद्धी महामार्गावर एकामागे एक लावल्या तर रांग नागपूरहून निघून मुंबईपर्यंत येते, वळते, आणि परत नागपूरच्या अलीकडे ऐंशी-एक किलोमीटरवर थांबते. त्या वर्षीचा एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला किमान दर, होता दहा टक्के उताऱ्याला टनाला २,९०० रुपये. करा गुणाकार. ३८३ कोटी रुपये. एका किलोत!

बरं, तोडणी मजुराची मजुरी टनावर, वाहतूकदाराचं भाडं टनावर. काटा एकदाच हलला की तिघांच्या खिशात हात जातो.

काट्याशेजारी प्रयोगशाळा असते. तिथे उतारा काढतात, म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघते ते. कसा काढतात ते मला विचारू नका. ब्रिक्स, पोल, शुद्धता असले शब्द मी ऐकले आहेत आणि आदरानं बाजूला ठेवले आहेत. आपण आकडा घेऊ. त्या हंगामात दहा टक्क्यांच्या वर उताऱ्यात दर ०.१ ला टनामागे २९ रुपये जास्त मिळायचे. साडेअकराऐवजी ११.४ लिहिलं गेलं, की टनाला २९ रुपये गेले. आता हे २९ रुपये राज्याच्या सगळ्या उसावर लावून बघा. किती? ३८३ कोटी! मी कॅल्क्युलेटर दोनदा पुसला. क्विंटलमागे एक किलो काटा आणि उताऱ्यातला दशांश चिन्हापुढचा एक आकडा, दोन्हींची किंमत पैशापैशानं सारखी. काटा निदान डोळ्यांना दिसतो, त्याच्यावर चढून बघता येतं. दशांश चिन्हावर कोण चढणार?

काटा, उतारा, मग तिसरं दार कपातीचं. उसात तोडणी-वाहतुकीचा खर्च बिलातून वजा होतो, सोसायटीचं कर्ज वजा होतं, आणखी कसकसल्या वर्गण्या वजा होतात. पण वजाबाकीचा विक्रम कांद्याच्या नावावर आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा विकला. हमाली, तोलाई, गाडीभाडं सगळं वजा जाता त्याचे उरले दोन रुपये एकोणपन्नास पैसे. हातात चेक पडला दोन रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. रुपयाला २५६ किलो कांदा! आपण इथे लाख-कोटींच्या गाड्या पळवतोय, तेव्हा हे दोन रुपये वरच्या खिशात जपून ठेवा. पुढे लागणार आहेत.

आता परदेशात एक चक्कर मारून येऊ, कारण तिथले आकडेही कमी गमतीचे नाहीत.

इंग्लंडात किराणा विकणारी मोठी दुकानं आणि त्यांना भाजी, दूध, मांस पुरवणारे लहान-मोठे पुरवठादार यांच्यात हीच कुस्ती चालते. तिथे २०१० पासून मोठ्या दुकानांसाठी आचारसंहिता आहे आणि २०१३ पासून ती पाळली जाते का ते बघायला एक निवाडा अधिकारी आहे. ही संहिता लागू असलेल्या दुकानांची संख्या आज आहे चौदा. एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये सगळे बसतील! टेस्को ह्या त्यातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीनं सप्टेंबर २०१४ मध्ये कबूल केलं की आपला नफा आपण पंचवीस कोटी पौंडांनी फुगवून सांगितला. म्हणजे तेव्हाच्या दरानं सुमारे अडीच हजार कोटी रुपये. फुगा कशानं भरला होता? पुरवठादारांकडून यायच्या रकमा आधीच धरून. मग चौकशी लागली. क्रिस्टीन टेकन या पहिल्या निवाडा अधिकारी. जानेवारी २०१६ मध्ये त्यांचा अहवाल आला: टेस्कोनं पुरवठादारांचे पैसे अडकवून संहितेचा गंभीर भंग केला. एका पुरवठादाराचे तर कित्येक दशलक्ष पौंड चुकीच्या दरामुळे अडकले, आणि ते परत मिळायला वर्षाहून जास्त काळ लागला.

आणि दंड? नियम आहे, ब्रिटनमधल्या विक्रीच्या एक टक्क्यापर्यंत. टेस्कोची तिथली विक्री चाळीस अब्ज पौंडांच्या वर, म्हणजे एक टक्का झाला चाळीस कोटी पौंड, चार हजार कोटी रुपये! श्वास रोखून धरा. प्रत्यक्षात दंड झाला शून्य. दंडाचा अधिकार मिळाला २०१५ मध्ये आणि चूक त्याच्या आधीची. शून्यापुढे कितीही शून्यं लावा, हिशेब तेवढाच राहतो.

युरोपीय संघानं २०१९ मध्ये कायदा केला: नाशवंत मालाचे पैसे तीस दिवसांत, बाकीच्या शेतमालाचे साठ दिवसांत. नाशवंत मालाची मागणी तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीत रद्द करायची नाही. हा कायदा कुणाला सांभाळतो? आपल्याहून मोठ्या गिऱ्हाइकाशी गाठ पडलेल्या पुरवठादाराला, त्याची वर्षाची उलाढाल पस्तीस कोटी युरोंपर्यंत असेल तोवर. पस्तीस कोटी युरो! रुपयांत सत्तावीसशे कोटींहून जास्त. वर्षाला दहा लाख टन ऊस गाळणाऱ्या आपल्या सात कारखान्यांची सगळी साखर विकली तरी एवढे यायचे नाहीत. युरोपातला 'लहान' बघायला आपल्याला मान वर करावी लागते.

पण मुदतीचा आकडा पुन्हा बघा. त्यांचे तीस दिवस, साल २०१९. आपले चौदा दिवस, आदेश १९६६ चा. आपण त्यांच्या अर्ध्याहून कमी दिवसांत आणि अर्धशतक आधी! शिवाय उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. कागदावर आपण युरोपला उसाच्या चिपाडासारखं पिळून बाजूला टाकलंय.

कागदाचं सोडा, कायदा तंतोतंत पाळला तरी काय होतं ते बघा. राज्यात दिवसाला सव्वादोनशे कोटींच्या आसपास ऊस गव्हाणीत पडतो. चौदा दिवसांचे झाले तीन हजार कोटी. म्हणजे एकाही कारखान्यानं एक दिवसही उशीर केला नाही, तरी हंगामभर कुठल्याही क्षणी शेतकऱ्यांचे तीन हजार कोटी रुपये बिनव्याजी कारखान्यांकडे असतात. शेतकरी बँकेकडून पीककर्ज घेतो आणि स्वतः कारखान्याची बँक होतो.

राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२२ मध्ये आणखी एक दार उघडलं होतं. एफआरपी दोन हप्त्यांत द्यायचा: पुणे-नाशिक विभागांत आधी दहा टक्के उतारा धरून पहिली उचल, आणि खरा उतारा हंगाम संपल्यावर कळला की उरलेलं. ऐकायला सरळ वाटतं. आता कोल्हापूरकडचा बारा टक्के उताऱ्याचा, दहा लाख टन गाळणारा एक कारखाना मनात आणा. टनाला ५८० रुपये मागे राहिले. गुणिले दहा लाख. ५८ कोटी! चार महिने राहिले तर १५ टक्क्यांनी व्याज दोन कोटी नव्वद लाख. एका कारखान्याचं, एका हंगामाचं. शेतकरी नेते राजू शेट्टी ह्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयानं तो निर्णय रद्द केला.

न्यायानं बोलायचं तर बहुतेक पैसे मिळतातही. २०२१-२२ मध्ये देशभरात कारखान्यांनी घेतलेला ऊस होता १.१८ लाख कोटी रुपयांचा. सेकंदाला एक रुपया मोजत बसलात तर सदतीस हजार वर्षं लागतील. पाचशेच्या नोटा मोजल्यात, सेकंदाला एक, न झोपता, न जेवता, तरी पंचाहत्तर वर्षं. पाळण्यात सुरू करा, काठी टेकत संपवा. ह्यातले १.१२ लाख कोटी हंगाम संपेपर्यंत दिले गेले होते. पंचाण्णव टक्के! दहावीला एवढे मिळाले तर घरी पेढे वाटतात. पण उरलेले पाच टक्के म्हणजे पुन्हा सहा हजार कोटी.

आणि हे चांगलं वर्ष होतं. वाईट वर्ष बघायचं तर २०१८ च्या मे महिन्यात चला. साखर उदंड झालेली, भाव पडलेले. त्या महिन्याच्या शेवटी देशभरातली उसाची थकबाकी गेली होती २३ हजार कोटी रुपयांच्या वर. त्यातला मोठा वाटा उत्तर प्रदेशाचा, पण थकबाकीला प्रांत नसतो. पाचशेच्या नोटा करा: ४६ कोटी नोटा. एक नोट पंधरा सेंटिमीटर लांब. जमिनीवर टोकाला टोक लावून पसरा, ६९ हजार किलोमीटर! मुंबई-पुणे रस्ता दीडशे किलोमीटरचा धरला तर ४६० वेळा. विषुववृत्ताला एक वेढा पूर्ण आणि दुसरा निम्म्याहून जास्त. पसरायला जागा नसेल तर शंभराची गड्डी करून रचा. गड्डी एक सेंटिमीटर जाड धरली तर ४६ किलोमीटर उंच चळत. कळसूबाईवर कळसूबाई, तिच्यावर कळसूबाई, अशी अठ्ठावीस कळसूबाई. विमानं तिच्या खालच्या पाव भागातच गिरक्या घेत राहतील.

आता ह्या चळतीला कायद्याचं १५ टक्के व्याज लावा. सावकाश, पायरीपायरीनं, कारण इथे चक्कर येते. वर्षाला ३,४५० कोटी. दिवसाला साडेनऊ कोटींच्या आसपास. तासाला ३९ लाख. मिनिटाला पासष्ट हजार. सेकंदाला अकराशे रुपये! टिक, अकराशे. टिक, अकराशे. डेक्कन क्वीन मुंबईहून सुटून सव्वातीन तासांत पुण्याला टेकते, तेवढ्यात सव्वा कोटीहून जास्त. कर्जतला वडा घेईपर्यंत कित्येक लाख झालेले असतात. रात्री तुम्ही आठ तास झोपलात, उठेपर्यंत तीन कोटींच्या वर. ही घंटा रविवारी थांबत नाही, दिवाळीला थांबत नाही, कारखान्याची चिमणी थंड झाली तरी थांबत नाही.

आणि आता भागाकार.

देशात ऊस उत्पादक आणि त्यांच्या घरची माणसं मिळून पाच कोटी, असं केंद्र सरकार सांगतं. २३ हजार कोटी भागिले पाच कोटी. माणशी आले ४,६०० रुपये. अठ्ठावीस कळसूबाईंची चळत एका झटक्यात खिशात मावली. आता रोजचं साडेनऊ कोटींचं व्याज पाच कोटींत वाटा. माणशी, दिवसाला, एक रुपया एकोणनव्वद पैसे.

ते मघाचे दोन रुपये वरच्या खिशातून काढा. कांद्याचा चेक आणि उसाचं व्याज शेजारी शेजारी ठेवा. अकरा पैशांचा फरक.

गंमत अशी की दोन्ही आकडे खरे आहेत. ज्याच्याकडे पैसे अडकलेत त्याच्या टेबलावर ते सेकंदाला अकराशे असतात. त्याला त्या व्याजात वकील ठेवता येतो, मुदत मागता येते, साखरेचा भाव वर जाईपर्यंत थांबता येतं. ज्याचे अडकलेत त्याच्या हातात ते एक रुपया एकोणनव्वद असतात, आणि तेवढ्यासाठी कुणी कामधंदा सोडून अर्ज लिहीत नाही. कायद्यानं व्याज दिलंय. मागायला जायचं भाडं दिलेलं नाही.

त्या २०१८ च्या जूनमध्ये मी मामांकडे गेलो होतो, कराडच्या पलीकडे. पावसाळा तोंडावर, सोयाबीनचं बी आणायचं होतं. मामांचा एकरभर ऊस मार्चमध्ये गेलेला, कारखान्याच्या चिटबॉयनं दिलेल्या वजनाच्या पावत्या त्यांनी पंचांगात ठेवल्या होत्या. कपात वगैरे जाऊन लाखभर रुपये यायचे होते आणि कारखाना आज देतो, उद्या देतो करत होता. मी उत्साहानं त्यांना व्याज काढून दिलं. एक लाखाला १५ टक्के, वर्षाला पंधरा हजार, दिवसाला एक्केचाळीस रुपये.

"कुटं मागायचं त्ये?" मामांनी विचारलं.

"पुण्याला. साखर आयुक्तांकडं अर्ज करायचा."

मामांनी पंचांग मिटलं. पुण्याला जायचं-यायचं एसटीचं भाडं, वर एक दिवसाचा रोज, वाटेत चहा-वडापाव. दहा-बारा दिवसांचं व्याज तर एका खेपेतच संपत होतं, आणि एका खेपेत काम होत नाही हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. मग मी मोठा आकडा काढला. सगळी थकबाकी, सगळं व्याज, कळसूबाई, डेक्कन क्वीन. पंधरा मिनिटं मी बोलत होतो. मामी दोनदा डोकावून गेल्या. शेवटी मी म्हटलं, "मामा, सेकंदाला अकराशे रुपये होतात!"

मामा थोडा वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

"मंजी तू बोलाया लागल्यापास्नं किती झालं?"

मी मनात हिशेब केला. "दहा लाखाला थोडे कमी."

"मग गप बस की, लेका," मामा म्हणाले, आणि बियाण्याची उधारी मिळते का बघायला दुकानाकडे निघाले.